बंद दाराआड काय सापडलं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात ओसाड वास्तू हिंडत फिरणाऱ्या पोरांवर एक छोटं टिपण आलं होतं. बंद गिरण्या, सोडून दिलेले बंगले, पडके वाडे वगैरे. शेवटी आम्ही विचारलं होतं की अशा जागी तुम्हाला झोप उडवणारं काही सापडलंय का. पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून भरपूर आलंय. त्यातल्या निव्वळ भुताच्या गोष्टी बाजूला काढल्यात, त्या दिवाळी अंकासाठी जपून ठेवा, हशा तरी होईल. बाकीच्यातले काही प्रश्न घेतेय, नावं मुद्दाम गाळलीत.

ताई, आम्ही मित्र गावाबाहेरच्या बंद सूतगिरणीत रील करायला गेलो होतो. वरच्या मजल्यावर एका खोलीत खुर्चीवर मोडकी बाहुली बसवलेली, पुढे गोल करून लहान मुलांचे बूट मांडलेले, कोपऱ्यात कापलेलं लिंबू आणि कुंकू. आल्यावर एकजण तापाने फणफणला. हे नक्की काय असतं? (इचलकरंजी)

बाहुली आपण होऊन खुर्चीवर चढत नाही रे बाबा, कुणीतरी बसवली म्हणून बसली. तुमच्या आधी अजून कुणीतरी रील करून गेलंय एवढाच त्याचा अर्थ. युक्रेनमधलं प्रिप्यात माहीत असेल, १९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाल्यावर दुसऱ्या दिवशी बसेस लावून जवळपास पन्नास हजारांचं अख्खं गाव रिकामं केलं होतं ते. तिथले बालवाडीतल्या पलंगावरच्या बाहुल्यांचे आणि गॅस मास्कचे फोटो सगळ्या जगाने बघितलेत, पण त्यातल्या कितीतरी वस्तू नंतर आलेल्या फोटोवाल्यांनी आणि टुरिस्टांनी उचलून हव्या तशा मांडलेल्या आहेत. त्याच गावातली खरोखर घाबरायची गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. दवाखान्याच्या तळघरात त्या रात्री आग विझवायला गेलेल्यांचे कपडे आणि बूट काढून टाकले होते, ते तिथंच पडून राहिले आणि इतक्या वर्षांनीही त्यातून रेडिएशन येतंय. त्याची कुणी मांडणी केलेली नाही, ढीग आहे नुसता.

आता लिंबाचं. ते वाळून काळं पडलेलं होतं की रसरशीत, हे लिहिलं नाहीस. ताजं असेल तर एक-दोन दिवसांत तिथं माणूस येऊन गेलंय आणि परत येणार, आणि मला तरी तीच गोष्ट जास्त काळजीची वाटते. मुंबईत महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये २०१३ च्या ऑगस्टमध्ये कामासाठी फोटो काढायला गेलेल्या एका पत्रकार मुलीवर काय प्रसंग ओढवला ते तुझ्या आईला विचार, तिला आठवत असेल. भुतं नव्हती तिथं. आणि मित्राच्या तापाचं म्हणशील तर बंद गिरणीत हौदात, टाक्यात पाणी साठलेलं असतं, तिथं डास किती असतील. मांत्रिकाकडे न्यायच्या आधी डेंग्यूची टेस्ट करून घ्या.

आमच्या नात्यात भंगारचा धंदा आहे. एक जुनं हॉस्पिटल कैक वर्षं बंद होतं, त्यातलं सामान उचलताना आत भिंतीआड एक मशीन निघालं, त्यात आकाराच्या मानाने भयंकर जड असा धातूचा गोळा आहे, बाहेर पिवळी पाटी पण रंग उडालेला. शिसं असेल तर चांगला भाव येईल म्हणतात. कापायचं का? (नाशिक जिल्हा)

नाही. हा अंक छापून हातात येईपर्यंत थांबण्यासारखा प्रश्न नव्हता म्हणून तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता, पण बाकीच्यांसाठी सगळं सविस्तर लिहितेय कारण बंद वास्तूत सापडलेल्या गोष्टींमध्ये याच्याएवढी वाईट गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

ब्राझीलमध्ये गोयानिया नावाचं शहर आहे. तिथलं कॅन्सरवर रेडिएशन द्यायचं एक क्लिनिक १९८५ च्या शेवटी दुसऱ्या जागी गेलं आणि जाताना एक मशीन जुन्या इमारतीतच राहिलं. इमारत अर्धवट पाडलेली, दारं-खिडक्या नाहीत, राखण नाही. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये दोघंजण आत शिरले, मशीनचा जड भाग उपसला आणि हातगाडीवर घालून घरी नेला. लगेच दोघांना उलट्या सुरू झाल्या, त्यांना वाटलं खाण्यातून काहीतरी झालं. तरी हत्याराने टोचत राहिले आणि आतल्या कुपीची खिडकी फुटली. मग तो माल भंगारवाल्याला विकला.

रात्री भंगारवाल्याला दिसलं की त्या तुकड्यातून निळा उजेड येतोय. दगड मौल्यवान असेल, नाहीतर काहीतरी दैवी असेल असं वाटून त्याने तो घरात आणला, शेजारीपाजारी आणि नातेवाईक बघायला आले, तांदळाच्या दाण्याएवढे कण लोकांना वाटून दिले, कुणी कार्निवलची चमकी लावावी तशी ती पावडर अंगाला चोळली. घरातली सहा वर्षांची एक मुलगी ती पावडर हाताला लागलेली असतानाच जेवली. ती पावडर म्हणजे सीझियम १३७, सगळं मिळून शंभर ग्रॅमच्या आतबाहेर.

हळूहळू घरातले एकेक आजारी पडायला लागले आणि डॉक्टरांना काही कळेना, कुणी म्हणे गरम हवेतला एखादा रोग असेल. शेवटी भंगारवाल्याच्या बायकोच्या डोक्यात आलं की सगळे एकदम आजारी पडलेत आणि घरात नवीन आलंय ते फक्त हेच. शिकलेल्या माणसांच्या आधी त्या बाईला ते कळलं! तिने उरलेला माल पिशवीत भरून घेतला आणि बसने आरोग्य खात्याच्या ऑफिसात नेऊन डॉक्टरपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी एक भौतिकशास्त्रज्ञ मोजायचं यंत्र घेऊन निघाला, तर त्या ऑफिसच्या बराच अलीकडेच काटा टोकाला गेला. त्याला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून परत जाऊन दुसरं आणलं, त्याचाही काटा टोकाला. तो पोचला तेव्हा अग्निशमनवाले ती पिशवी उचलून नदीत टाकायच्या बेतात होते. त्याने थांबवलं म्हणून नदी वाचली.

पुढे फुटबॉलच्या स्टेडियमवर लोकांच्या रांगा लागल्या, एक लाख बारा हजारांच्या वर लोक तपासले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात ते सापडलं. चौघं गेले, त्यात ती मुलगी आणि ती पिशवी नेणारी बाई. शिशाच्या पेटीतून अंत्यविधीला आणलं तर आमच्या गावात पुरू नका म्हणून लोकांनी दगडफेक केली. घरं पाडली, अंगणातली माती उकरून नेली.

हे लांबचं वाटत असेल तर दिल्लीचं मायापुरी आठवा, २०१०. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागातलं वर्षानुवर्षं न वापरलेलं यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं, त्यात कोबाल्ट ६० होतं, ते कापलं, एक माणूस गेला आणि बाकीचे बरेच दिवस हॉस्पिटलात होते. तेव्हा जुन्या हॉस्पिटलात किंवा कारखान्यात आकाराच्या मानाने जास्तच जड वस्तू, शिशाचं आवरण, पिवळ्यावर तीन पात्यांची खूण, अगदी खूण पुसट असली तरी, हात लावायचा नाही, उचलायचं नाही, कापायचं तर नाहीच. सगळ्यांनी लांब व्हायचं, ११२ ला फोन करून रेडिएशनचा संशय आहे असं स्पष्ट शब्दांत सांगायचं. हे बघणारं सरकारी मंडळ, अणुऊर्जा नियामक परिषद, आपल्याच मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. ज्यांनी हाताळलं असेल त्यांनी हात-अंग धुवून, कपडे पिशवीत बंद करून डॉक्टरला नेमकं काय हाताळलं ते सांगायचं. गोयानियात आधीचे पंधरा दिवस हेच कुणी सांगितलं नव्हतं.

हैदराबादची बातमी वाचली. समजा आपल्यालाच असं हाडंबिडं काही दिसलं तर काय करायचं? पोलिसांत गेलं की आपल्यालाच अडकवतील का? (नागपूर)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०२५ च्या जुलैमध्ये हैदराबादला नामपल्ली भागात क्रिकेटचा बॉल एका बंद घरात गेला, तो आणायला एकजण आत शिरला आणि स्वयंपाकघराच्या जागी माणसाचा सांगाडा. जवळ जुना नोकियाचा फोन, तो चालू केल्यावर त्यात २०१५ चे कित्येक मिस्ड कॉल, आणि उशीखाली नोटबंदीत रद्द झालेल्या नोटा. भरवस्तीत, दुकानं चालू, बाहेर ट्रॅफिक, आणि कुणी विचारलं नाही की आतला माणूस गेला कुठे. त्याच्या दीड वर्ष आधी, २०२३ च्या डिसेंबरमध्ये कर्नाटकात चित्रदुर्गला एका निवृत्त इंजिनियरच्या बंद घरात पाच सांगाडे मिळाले, अख्खं कुटुंब, भिंतीवरचं कॅलेंडर २०१९ च्या जूनवर थांबलेलं. पुढचं दार तुटलंय हे लोकांनी फिरायला जाताना आधीच बघितलं होतं म्हणे. कळवलं नाही कुणी. मला यातला तो कॅलेंडरचा भाग जास्त लागतो, मिस्ड कॉलचा तर विचारूच नका, कारण निदान कुणीतरी तेवढे कॉल तरी करत होतं आणि मग त्यांनीही सोडून दिलं.

आता करायचं काय. जिथं आहात तिथूनच, आलात त्याच वाटेने मागे फिरा, काहीही उचलू नका, फोन, पाकीट, कागद काही नाही. बाहेर येऊन ११२. पोलिस अशा वेळी अकस्मात मृत्यूची नोंद करून चौकशी करतात, हल्ली ते नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ कलमाखाली होतं, पूर्वी १७४ होतं. तुमचा जबाब घेतील, एक-दोनदा बोलावतील, कटकट आहे हे खरं, खोटं कशाला सांगू. पण कळवलं नाही आणि तुमचा व्हिडिओ नंतर कुणाच्या मोबाईलवर निघाला तर जास्त अवघड जाईल. आणि व्हिडिओचं म्हणाल तर टाकूच नका हो, कुणाच्या तरी घरचं माणूस आहे ते.

माहेरचा वाडा वीस-बावीस वर्षं बंद होता, आता बिल्डरला द्यायचा म्हणून आवरायला गेलो तर बळदात लाल फडक्यात बांधलेले कागदाचे गठ्ठे निघाले, सगळं मोडीत. भाऊ म्हणतो भंगारात द्या, नाहीतर काहीतरी भलतंच निघेल. भलतंच म्हणजे काय निघणार? (वाई)

रुमाल म्हणतात त्या गठ्ठ्यांना, आणि तुमचा भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये. मोडी कागदात बहुतेक वेळा हिशेब, वतनाचे तंटे, कर्जखतं, भाऊबंदकी असंच असतं, वाचून जांभया येतील. पण कधीकधी माणसांच्या खरेदीचेही कागद असतात. पेशवाईत बटकी, कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्या जायच्या, देवघेव व्हायची, त्याच्या नोंदी सरकारी दप्तरात आहेत आणि खासगी घरांतही मिळतात. एखाद्या बाईचं नुसतं नाव, वय आणि समोर रक्कम, खाली शिक्का. आपल्या पणजोबांच्या वाड्यात हे निघालं तर बरं नाही वाटत. तरी जाळू नका. त्या बाईचं दुसरीकडे कुठे नावही राहिलेलं नसेल, तिच्याबद्दल जगात उरलेला कागद तो एवढाच असू शकतो.

गठ्ठे सोडू नका, ज्या क्रमाने बांधलेत तोच क्रम ठेवायचा, त्या क्रमालाही अर्थ असतो. आधी आहे तसा फोटो काढा. उन्हात वाळवायचं नाही, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. कसर लागलेली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने अलगद. मग पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, १९१० पासून हेच काम चाललंय तिथं, वाचणारी माणसंही मिळतील. राजवाड्यांनी इतिहासाची साधनं म्हणून जे खंड काढले ते अशाच घरोघरच्या कागदांतून, पहिला १८९८ ला. आणि ७५ वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं कायद्याने पुरावस्तू धरली जातात, परदेशातल्या पाव्हण्याला भेट म्हणून बॅगेत घालून देऊ नका. भिंतीत नाणी-दागिने निघाले तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांच्या वरचं काहीही निघालं की कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये हो, रक्कम तेव्हाचीच आहे.

नवऱ्याला बंद इमारतीत जायची आवड आहे आणि प्रत्येक ठिकाणाहून काहीतरी घेऊन येतो. परवा एका बंद दवाखान्यातली पेशंटची रजिस्टरं आणि एक्स-रे आणलेत, म्हणतो हॉलमध्ये फ्रेम करून लावू. मला घरात नकोत. (डोंबिवली)

मलाही नको असते. तुमच्या नवऱ्याला सांगा की कागद जागेवर असला तरच त्याला किंमत असते. ग्वाटेमाला सिटीत २००५ च्या जुलैमध्ये मानवाधिकार कार्यालयाची माणसं पोलिसांच्या एका जुनाट इमारतीत स्फोटकं ठेवलीत का बघायला गेली होती, आणि आत खोल्याच्या खोल्या भरून ओल आलेले, उंदीर-वटवाघळांनी घाण केलेले कागद. १९९६ च्या तहानंतर मोडीत काढलेल्या राष्ट्रीय पोलिस दलाची दफ्तरं होती ती, जवळपास आठ कोटी पानं. यादवी युद्धात ज्यांना उचलून नेलं त्यांच्या घरच्यांना इतकी वर्षं असं काही नाहीच म्हणून सांगितलेलं. त्यातल्याच कागदांवरून १९८४ मध्ये गायब केलेल्या फर्नांडो गार्सिया या कामगार कार्यकर्त्याच्या प्रकरणात २०१० ला दोन पोलिसांना चाळीस-चाळीस वर्षांची शिक्षा झाली. कुणी हौशी माणसाने त्यातलं छानसं एक फोल्डर आठवण म्हणून उचललं असतं तर?

अमेरिकेतल्या डेट्रॉइटला २००९ मध्ये पोलिसांच्या एका गोदामात बलात्काराच्या तपासात घेतलेल्या नमुन्यांची अकरा हजारांवर पाकिटं न तपासता पडलेली सापडली. पुढे ती तपासल्यावर शेकडो सराईत गुन्हेगार निघाले. प्रत्येक पाकिटामागे एक बाई उत्तराची वाट बघत होती.

दवाखान्याची रजिस्टरं म्हणजे लोकांचे आजार आहेत, गर्भपात, गुप्तरोग, टीबी सगळं नावानिशी. आणली तशी मूळ मालकाला नाहीतर आरोग्य विभागाला पोचती करा, आणि हॉलमध्ये लावायला नवऱ्याला एखादं कॅलेंडर द्या.

इथे न्यूयॉर्क राज्यात विलर्ड नावाच्या जुन्या वेड्यांच्या हॉस्पिटलबद्दल ऐकलं, माळ्यावर बॅगा सापडल्या होत्या. अशा जागा बघायला जाणं बरोबर आहे का? (न्यू जर्सी, मूळचे ठाण्याचे)

विलर्ड १८६९ ला सुरू झालं आणि १९९५ ला बंद होताना तिथल्या माणसांना माळ्यावर चारशेवर बॅगा मिळाल्या. पेशंट दाखल होताना घेऊन आलेले, त्या काढून घेऊन चिठ्ठी लावून वर ठेवल्या, आणि माणूस तीस-चाळीस वर्षांनी तिथंच वारला तरी बॅग वरच. आत घडी केलेले कपडे, फोटो, पत्रं, शिवणाचं सामान, घड्याळं. म्हणजे परत जायचंय असं धरून भरलेलं सामान. न्यूयॉर्कच्या राज्य संग्रहालयाने त्या नेल्या, २००४ ला प्रदर्शन केलं, पण पेशंटची पूर्ण नावं छापायला कायद्याने बंदी, त्यामुळे आयुष्यभर ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांना मेल्यावरही आडनाव नाही.

त्याच २००४ साली तिकडे ओरेगनच्या सरकारी मनोरुग्णालयात आमदार पाहणीला गेले तर एका खोलीत फळ्यांवर साडेतीन हजारांच्या आसपास तांब्याचे डबे, गंजून निळे-हिरवे झालेले. आत कुणी न नेलेल्या पेशंटची रक्षा. तिथं मात्र त्यांनी नावांची यादी जाहीर केली, २०१४ ला स्मारक बांधलं, आणि पणतवंडं वगैरे येऊन डबे घेऊन गेली.

बघायला जाणं बरोबर की चूक ते प्रत्येकाने ठरवावं, संग्रहालयात जरूर जा. पण तुम्ही ठाण्याचे ना? तिथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, चालू आहे. बऱ्या झालेल्या माणसाला घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने त्याला आत ठेवता येणार नाही असं २०१७ च्या कायद्यात लिहिलंय. सुट्टीत याल तेव्हा तिथल्या समाजसेवकांना भेटा आणि किती जणांच्या घरचा पत्ता चुकीचा निघतो ते विचारा.

पडक्या वाड्यातल्या विहिरीत, तळघरात उतरायचं असेल तर आधी दिवा सोडून बघतात, तो विझला नाही म्हणजे हवा चांगली ना? (जुन्नर)

नाही. दिव्याने फार तर ऑक्सिजन कमी आहे का ते कळतं. हायड्रोजन सल्फाइड असेल तर दिवा मस्त जळत राहील आणि माणूस पडेल. त्याचा सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. एक पडला म्हणून दुसरा काढायला उतरतो आणि मग तिसरा, आपल्याकडच्या विहिरी आणि सेप्टिक टँकच्या बातम्या अशाच असतात. उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. वटवाघळांची घाण साचलेल्या खोलीत झाडू मारू नका, धुळीतून फुप्फुसाला बुरशीचा आजार होतो. सळ्या बाहेर आलेल्या स्लॅबवर उभं राहून फोटो काढायचा नाही हे सांगायला लागू नये, पण पत्रासोबत आलेले फोटो बघितले म्हणून सांगतेय.

दार उघडंच असेल तर आत जायला परवानगी लागते का? (सातारा)

लागते. पडकं असलं तरी मालक असतो, नसला तर सरकार असतं. आता न्याय संहितेचं ३२९ कलम लागतं. तलाठ्याकडून सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढा, मालकाचं नाव मिळेल, फोन करा. बरेच मालक हो म्हणतात, उलट आत काय काय उरलंय ते आम्हालाही सांगा म्हणतात.